जिथे फडकं पोचत नाही

जेवणाच्या टेबलावर बंदूक ठेवायची नाही, हा आईचा नियम होता आणि तो मोडायला बाबांना त्या दिवशी सकाळपासून तिच्या मागे मागे फिरावं लागलं. खाली कारखान्यात सगळ्यांना बसायला जागा नाही, आत्याचे गुडघे जिना उतरले तर परत चढणार नाहीत, उद्या धाकट्या भावाला न्यायला गाडी येणार, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. आईने शेवटी कपाटातून एक जुनी चादर काढून त्यांच्या अंगावर टाकली.

"तेलाचा एक डाग जरी टेबलाला लागला, तरी उद्यापासून सगळे जमिनीवर जेवाल," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून सगळ्यांच्या आधी स्वतःच बसली.

छोटीने चादर चार पदरी करून पसरली. छोटी ही नुसती नावाची छोटी. घरातल्या कुठल्याही दारातून जाताना तिला मान वाकवावी लागे, आणि आता केसांत पांढरं दिसू लागलं तरी नाव काही सुटलं नव्हतं. बाबांनी जन्मभर लोकांच्या बंदुका दुरुस्त केल्या. छोटीने त्यातलाच एक कोपरा निवडला होता. जुन्या बंदुकीचे लोखंडी भाग नवेपणी कसे दिसत होते, कुठे निळाई होती, कुठे भट्टीचे रंग, कुठे साधं घासलेलं लोखंड, हे शोधून काढणं हा तिचा धंदा. संग्रहालयांतून तिच्याकडे खोकी यायची. घरची बंदूक मात्र तिच्यापुढे आज पहिल्यांदाच आली होती.

ती बंदूक आजोबांची, म्हणजे बाबांच्या तात्यांची. आजोबांनी नळीपासून स्क्रूपर्यंत स्वतःच्या हातांनी केलेली ही एकच दुनळी. तिच्यातून काडतूस उडून जमाना लोटला होता. कारखान्यात खिडकीसमोरच्या भिंतीवर ती दोन खुंट्यांवर टांगलेली असे. दर रविवारी अंघोळ झाली की बाबा ती खाली काढायचे, खिडकीजवळ बसून मांडीवर घ्यायचे आणि मऊ फडक्याने सावकाश पुसायचे. त्यासाठी त्यांची एक वेगळी डबी होती आणि त्या डबीला कुणीही हात लावायचा नाही. छोटी लहान होती तेव्हा बाबांच्या मांडीवर बसायला तिचा नंबर बंदुकीनंतर लागायचा.

दुनळीच्या नळ्या आणि लाकडी दस्ता जिथे जोडले जातात तिथे मधोमध एक लोखंडी पेटी असते, सगळी यंत्रं तिच्या पोटात. आजोबा ही पेटी हाडांच्या कोळशात गाडून भट्टीत तापवायचे आणि लालभडक असतानाच पाण्यात सोडायचे. त्याने लोखंड कडक व्हायचं आणि वर रंग उमटायचे. निळा, जांभळा, मधासारखा पिवळा, पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसे. दोन पेट्यांचे रंग कधी सारखे यायचे नाहीत. या पेटीचे रंग बघायला तर लोक वाट वाकडी करून यायचे, असं आत्या सांगे. छोटीने ते कधी पाहिले नव्हते. तिच्या जन्माआधीच पेटीच्या दोन्ही बाजू चमच्यासारख्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

आणि त्या कुणी पांढऱ्या केल्या, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं.

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि काकाला नुकतंच मिसरूड फुटलं होतं, तेव्हाची गोष्ट. बाबांनी कारखान्यात विजेवर फिरणारं पॉलिशचं चाक आणलं आणि काका त्या चाकाच्या प्रेमातच पडला. दिसेल ते त्याने घासलं. सायकलची घंटा, नळाची तोटी, दाराची कुलपं, आत्याची शिवणाची कात्री. त्याच दिवसांत एका सकाळी बाबांना बंदुकीचे रंग गेलेले दिसले. काका दोन दिवस नाही नाही म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी आजीने, खरं बोलल्याशिवाय ताट मिळणार नाही, असं बजावलं, तेव्हा तो म्हणाला, "हो, मीच घासली. आता तरी वाढा."

हे वाक्य पुढे घरात रूढच झालं. कुणाच्या हातून बशी फुटली, कुणी दार उघडं ठेवलं, की ज्याची चूक तो म्हणायचा, हो, मीच घासली, आता तरी वाढा. आत्याने काकाचं नाव 'चकाचक' ठेवलं ते तेव्हापासून. सगळं हसण्यावारी गेलं. फक्त बाबांनी त्या दिवसापासून काकाला कुठल्याही बंदुकीच्या बाहेरच्या अंगाला हात लावू दिला नाही. स्प्रिंगा, खटके, पेटीच्या पोटातलं काम तेवढं काकाचं. भट्टी आणि रंग बाबांचे. काकाच्या डोक्यावरचे केस गेले तरी हा कायदा काही उठला नाही.

काका आला तो अर्धवट भरलेली बॅग हातात घेऊनच. काकू गेल्यापासून तो मागच्या खोलीत एकटा राहत होता. लेकीने आता त्याला आपल्या गावी न्यायचा हट्टच धरला होता.

"बॅग कशाला रे वर आणलीस?" आत्याने विचारलं.

"निकाल उलटा लागला तर इथूनच पळतो."

"तुझा निकाल कधीच लागलाय, चकाचक."

"ताई, तू न्यायाधीश नाहीस. तू फिर्यादी आहेस. कात्रीवाली."

"आहेच मी फिर्यादी!" आत्या म्हणाली, आणि हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली. त्या पिशवीत शिवण होतं आणि शिवणाबरोबर ती कात्रीही होती. आत्या तिच्याशिवाय कुठे जात नसे.

बाबांनी बंदूक आणली, चादरीवर ठेवली आणि घसा खाकरला. बाबांना भाषण आवडायचं.

"हे बघा, मला कुणावर खापर फोडायचं नाही. कारखाना आता छोटीचा, बंदूकही तिचीच. तिच्या हातात देण्याआधी पेटीचे रंग परत आणावेत, एवढंच माझ्या मनात आहे. तर ही म्हणते, मूळचं काय होतं ते ठरल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. मी सांगतोय ना, मी या डोळ्यांनी बघितलंय! तर म्हणते, साक्षीदार नको, लोखंड दाखवा."

"साक्षीदाराला जे बघायचं असतं तेच दिसतं, बाबा," छोटी म्हणाली. "परवा एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, आमच्या पणजोबांची बंदूक काळीभोर होती. खरवडून बघितली तर घराच्या गजांना लावायचा रंग निघाला. वडिलांनी खिडक्या रंगवताना हिलाही एक हात मारला होता."

काका खो खो हसला. मग टेबलावर कोपरं टेकून सहज विचारल्यासारखं म्हणाला, "दादा, भट्टी पेटवणारच असशील, तर मला निदान कोळसा तरी चाळू दे. जाता जाता."

"तू चाळलास तर कोळसाही पांढरा पडेल," बाबा म्हणाले.

सगळे हसले. काकाही हसला, पण जरा उशिरा. छोटीला ते हसणं लागलं. कोळसा चाळायची गोष्ट काका नेहमीच थट्टेत काढायचा, आणि दर वेळी बाबा ती थट्टेतच उडवायचे. लहानपणी तिने त्याला कितीदा तरी भट्टीच्या खोलीबाहेर बसलेलं पाहिलं होतं. उंबऱ्याच्या अलीकडे स्टूल टाकून, बाबा पेटी पाण्यात सोडत असताना मान लांब करून बघत असलेला. उंबरा त्याने कधी ओलांडला नाही. उद्या तो जाणार होता, आणि कपाळावर तोच शिक्का घेऊन जाणार होता. बंदुकीला काही सांगायचं असेल तर ते आजच सांगायला हवं, असं छोटीला मनापासून वाटत होतं. आणि ती काय सांगेल, याची धास्तीही वाटत होती, कारण लोखंड कुणाची भीड ठेवत नाही.

तिने डोळ्याला भिंग लावलं आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

"सांभाळून," बाबा म्हणाले. "तात्यांच्या हातचे स्क्रू आहेत. त्यांच्यानंतर ते कुणी फिरवलेले नाहीत. मीसुद्धा नाही."

"चहा टाकते," म्हणून आई एकदम उठली. काका छताकडे बघू लागला.

छोटीने आधी नळ्या उतरवल्या. पुढच्या लाकडाखाली, जिथे बोटं लागत नाहीत, तिथे निळाई अजून गडद होती. चापाभोवतीची कमान बाहेरून करडी पडली होती, पण ती दस्त्यात बसते तिथे काळीशार होती. प्रत्येक भाग काढून ती चादरीवर ओळीने ठेवत गेली आणि आत्याला समजावून सांगत गेली.

"हात जिथे पोचत नाही तिथे बघायचं, आत्या. स्क्रूच्या डोक्याखाली, लाकडाच्या आत, चावीच्या पोटाखाली. लोखंडाचं वय बाहेर दिसतं, जन्म आत दिसतो."

"अगदी माझ्यासारखं," आत्या म्हणाली.

मग तिने दस्ता सोडवला आणि पेटी मोकळी केली. पेटीचा मागचा भाग आजोबांनी लाकडात बसवल्यापासून उजेडात आला नव्हता. छोटीने तो खिडकीकडे धरला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना पुढे झाल्या. निळा होता, जांभळा होता, कडेला मधाचा पिवळा होता, आणि सगळे एकमेकांत असे मिसळले होते की कुठला कुठे संपतो ते कळू नये.

"हेच ते," आत्याने डोळ्यांना पदर लावला. "हेच. मी लहान होते तेव्हा असेच होते सगळीकडे."

बाबांनी हात पुढे केला आणि रंगांना न लावताच मागे घेतला. "म्हटलं होतं ना. आता बाजू बघ. चाकाने घेतलेला घास दिसेल तुला."

छोटीने पेटी आडवी धरली. चाकाची खूण कशी असते हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. चाक आंधळं असतं. ते रंग काढतं तसं लोखंडही काढतं. कोरीव रेघा पुसट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, आणि चाक जिथे थांबतं तिथे रंगाला एक स्पष्ट काठ येतो.

पेटीच्या दोन्ही बाजूंना आजोबांनी दोन दोन बदकं कोरली होती. छोटीने भिंगातून पाहिलं. बदकांच्या पंखांवरची रेघ न् रेघ जागेवर होती, आजोबांनी छिन्नी उचलल्यावर जशी असेल तशी. भोकांच्या कडा धारदार होत्या. आणि लाकडाजवळ, जिथे रंग संपून पांढरं सुरू होत होतं, तिथे काठच नव्हता. रंग हळूहळू विरत गेला होता.

तिने दात कोरायची एक काडी घेतली आणि बदकाच्या पंखातल्या खोल रेघेत फिरवली. काडीच्या टोकाला पांढरं काहीतरी आलं, तेलात घट्ट झालेलं. तिने ते बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. तो वास तिला डोळे मिटूनही ओळखता आला असता. रविवार सकाळचा वास होता तो, खिडकीजवळच्या उन्हाचा, बाबांच्या मांडीचा.

उगाच वेळ काढायला म्हणून तिने पेटीवरची चावी सोडवली, काडतूस भरताना नळ्या वाकवून उघडायला अंगठ्याने बाजूला सारायची ती. चावीच्या पोटाखाली रंग शाबूत होते. आणि तिच्याखालची स्प्रिंग नवी होती. निदान आजोबांची तरी नव्हती. स्प्रिंगेचं टोक गोल घासून किंचित वर वळवलेलं होतं, आणि अशी स्प्रिंग या घरात, या गल्लीत, एकच माणूस करायचा.

म्हणजे काकाने ही पेटी उघडली होती. कधीतरी, बाबांच्या नकळत. चावीखालचे रंग त्याने पाहिले होते, विरत गेलेला काठ पाहिला होता, रेघांतलं पांढरंही पाहिलं असणार. त्याच्या नजरेतून असलं काही सुटणं शक्यच नव्हतं.

छोटीने मान वर केली. काका तिच्याकडेच बघत होता. त्याने अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही एवढीच मान हलवली. नको.

"काय गं?" बाबा अधीर झाले. "दिसला का घास?"

"रंग मूळचेच आहेत," छोटी म्हणाली. "सगळ्या पेटीवर होते. शंकाच नाही."

"ते मी सांगितलंच होतं. मग गेले कसे?"

छोटीने काडी चादरीवर ठेवली. बाबांना ज्या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान होता, तीच तिला त्यांच्याकडून काढून घ्यावी लागणार होती. तिला आठवत होतं तेव्हापासून त्यांचा एकही रविवार चुकला नव्हता. तापात चुकला नव्हता, पाहुणे आले तेव्हा चुकला नव्हता.

"गेले कसे म्हणजे काय?" काका मोठ्याने म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. "हो, मीच घासली! आता तरी चहा वाढा!"

आत्या हसून हसून खोकायला लागली. बाबाही हसले. छोटीला मात्र रडू आलं, आणि त्यातच तिचं ठरलं. हा माणूस उद्या बॅग घेऊन निघून जाईल आणि जातानाही हेच म्हणेल. तिने भिंग काढलं आणि बाबांपुढे धरलं.

"मी सांगणार नाही, बाबा. तुम्हीच बघा. पण गिऱ्हाइकाची बंदूक आहे असं समजून बघा. आपली नाही."

"छोटे," काका म्हणाला.

"तू गप्प बस, काका."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, धाकट्या भावाकडे पाहिलं, आणि भिंग डोळ्याला लावलं. गिऱ्हाइकांच्या बंदुका त्यांनी भिंगाखाली हजारदा बघितल्या होत्या. ही बंदूक त्यांनी नेहमी डोळे भरून पाहिली, आणि त्या पाहण्यात भिंगाला कधी जागाच नव्हती. आता ते पूर्वी तिला शिकवायचे तसे मोठ्याने बोलत बघू लागले.

"रेघा शाबूत. पंख शाबूत. भोकांच्या कडा... शाबूत." ते थांबले. पेटी फिरवून त्यांनी दुसरी बाजू पाहिली. "इकडेही शाबूत. याला चाक लागलेलं नाही."

"म्हणजे?" आत्या म्हणाली.

"चाक लागलेलं नाही म्हणजे लागलेलं नाही, ताई. काठ बघ ना, कसा विरलाय. हे हाताने झालंय. हळूहळू. कुणीतरी वर्षानुवर्षं मऊ फडक्याने..."

काडीच्या टोकावर पांढरं अजून होतं. बाबांनी ते बोटावर घेतलं. आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती आणि तिथेच थांबली.

"खडू," बाबा म्हणाले.

त्यांनी बोट उजेडात धरलं.

"तात्यांनी सांगितलं होतं, नुसतं तेल लाव. एकदा बोटाचा डाग पडलेला दिसला. तेलात जराशी खडूची पूड घातली तर डाग निघाला. म्हटलं, वा. मग नेहमीच घालायला लागलो. जपायला म्हणून." ते आपल्या तळहातांकडे बघत होते. "रंग काढायला खडूसारखं दुसरं काही नाही. गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगतो. आणि दर रविवारी स्वतःच..."

"पण एका सकाळीच कसे दिसले गेलेले?" आत्याला अजून पटत नव्हतं. फिर्याद अशी हातची जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

"खिडकी," दारातून आई म्हणाली. तिने ट्रे सरळ चादरीवर ठेवला, स्वतःचा नियम विसरून. "मी या घरात नवीन आले, तेव्हा खाली काळोख असायचा. मी म्हटलं म्हणून यांनी माझ्यासाठी भिंतीत खिडकी पाडली. त्याच वर्षी. त्याआधी त्या बंदुकीवर उजेड पडलाच कुठे होता?"

बाबांनी मान खाली घातली. "चाक आणि खिडकी एकाच वर्षी," ते म्हणाले. "आणि मी चाकाला धरलं."

मग त्यांची नजर चादरीवरच्या स्प्रिंगेवर गेली. ती त्यांनी उचलली आणि टोकावरून बोट फिरवलं.

"ही तात्यांची नाही."

काका पुन्हा छताकडे बघू लागला, पण आता छतात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं ना," आई घाईघाईने म्हणाली, "तेव्हा मी धूळ झटकताना ती हातातून सुटली. चावी लुळी पडली. भाऊजींच्या पाया पडायचीच राहिले होते. त्यांनी एका दुपारीत नवी स्प्रिंग करून बसवली, आणि तुम्हाला आजवर कळू दिलं नाही." तिने श्वास घेतला. "हो, मीच पाडली. आता तरी चहा घ्या."

हसावं की नाही, कुणाला कळेना. बाबा भावाकडे बघत होते.

"ऑपरेशनच्या वेळी. म्हणजे तेव्हापासून तुला माहीत होतं."

"दिसलं ते दिसलं," काका म्हणाला.

"मग बोलला का नाहीस? वर्षानुवर्षं तुला उंबऱ्याबाहेर ठेवला मी. थट्टा केली. आज आत्तासुद्धा केली. एकदा तरी बोलायचं होतंस!"

काकाने चहाचा कप उचलला, त्यात फुंकर घातली आणि तो परत ठेवला.

"बोललो असतो, दादा, तर रविवारी तू काय केलं असतंस?"

बाबांनी टेबलावरून हात लांब करून भावाचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले, तेलकट बोटांनीच. छोटीने त्यांना रडताना आजीच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आजच. ती उठून काकाच्या मागे गेली आणि त्याच्या टकलावर हनुवटी टेकवून उभी राहिली. लहानपणी तो तिला अशी उभी राहू द्यायचा, तेव्हा तिला त्यासाठी खुर्ची लागायची.

"बरं, हे सगळं ठीक आहे," पदराने नाक पुसत आत्या म्हणाली. "आणि माझी कात्री?"

"ती मात्र मीच घासली," काका म्हणाला.

तेव्हा कुठे सगळे हसले, बाबा सगळ्यात मोठ्याने. हसता हसता ते उभे राहिले. "ऐक. उद्या भट्टी पेटवायची. पेटी तू रंगवायचीस. मी हात लावणार नाही."

छोटीला वाटलं काका उडी मारून हो म्हणेल. त्याने पेटी उचलली, हातात फिरवली, मागचे रंग पाहिले, बदकांवरचं पांढरं पाहिलं.

"नको, दादा. ती राहू दे. आतले रंग तात्यांचे आहेत, वरचं पांढरं तुझं. माझीही आत एक स्प्रिंग आहे. आता तिच्यावर आणखी काही चढवायचं नाही. काय, छोटे?"

"मी तेच सांगणार होते," छोटी म्हणाली, आणि ते खरं होतं.

"मग भट्टी पेटवायची ती कशासाठी?" बाबांचा चेहरा उतरला. देण्यासारखं त्यांच्याजवळ तेवढंच होतं, आणि तेही भावाने परत केलं होतं.

आत्याने पिशवीत हात घातला आणि टेबलावर ठणकन काहीतरी ठेवलं. जुनी, जड, पांढरीफटक कात्री.

"हिच्यासाठी," ती म्हणाली. "बाकीच्यांचं मिटलं असेल. माझं मिटलेलं नाही. मुठींना नीट रंग आण हिच्या, चकाचक. जांभळा जास्त हवा मला."

दुसऱ्या दिवशी काकाची लेक गाडी घेऊन आली तेव्हा घरात वर कुणीच नव्हतं. बॅग जिन्यात होती आणि तिच्यावर बाबांची ती डबी होती, आतून स्वच्छ धुतलेली. उरलेला खडू आईने चमचे घासायला लावून टाकला होता. लेकीने दोनदा हॉर्न वाजवला, मग ती आत आली आणि कारखान्यातून मागे गेली. भट्टीच्या खोलीच्या दारात आई, गुडघे विसरून जिना उतरलेली आत्या आणि छोटी दाटीवाटीने उभ्या होत्या. छोटीने तोंडावर बोट ठेवलं.

आत काका होता. बाबांचा चामड्याचा एप्रन त्याला गुडघ्याखाली येत होता. समोर लोखंडी डबा उघडा होता, बाजूला कात्री, पलीकडे पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं. उंबऱ्याबाहेरचं जुनं स्टूल आता आत आणलेलं होतं आणि त्याच्यावर बाबा बसले होते. मांडीवर चाळण होती. केस, भुवया, सगळं कोळशाने माखलेलं. रविवारी बंदूक घेऊन बसत तसेच ते पाठीत वाकून, मन लावून बसले होते.

त्यांनी चाळलेला कोळसा ओंजळीत घेतला आणि भावापुढे धरला.

"एवढा बारीक पुरे का रे?"

काकाने चिमूटभर कोळसा घेतला आणि दोन बोटांत चोळून पाहिला. बाहेर गाडी उभी होती, पण त्याला कसलीच घाई नव्हती.

"अजून थोडा, दादा," तो म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा चाळायला लागले.